मास्क सोबत ठेवावा, ही विनंती

आदरणीय पदभ्रमण-संयोजक महाशय,



आपली 'निसर्गरम्य खाडीकिनारा आणि जुनी मच्छीमार गावे' ही फेरी गेल्या रविवारी आमच्या चेंदणी कोळीवाड्यातून गेली, त्याबद्दल आधी आभार मानते. सगळ्यांच्या पाठीला एकाच रंगाच्या पिशव्या, आपल्या कॉलरला माइक. एवढी शिस्तीची मिरवणूक आमच्याकडे नारळी पौर्णिमेलाही निघत नाही. आपलं पत्रक मला भाच्याने मोबाइलवर दाखवलं. शुल्क सहाशे नव्व्याण्णव, नाश्त्यासह. खाली सूचना होत्या. आरामदायी बूट घालावेत, पाण्याची बाटली आणावी, टोपी घ्यावी. आणि मग ही ओळ: 'कोळीवाड्यातून जाताना वासाचा त्रास होऊ शकतो. मास्क सोबत ठेवावा.'

हे पत्र त्या ओळीसाठी आहे. बाकीचं मी गिळलं असतं. आमच्या काकीचे फोटो तिला न विचारता काढलेत, ते गिळलं. फोटोत निळा ड्रम येतो म्हणून तो तिलाच बाजूला घ्यायला लावलात, तेही गिळलं. तिने तर ड्रम हलवला आणि वर हसलीसुद्धा. आम्ही 'शांत, संथ आयुष्य जगणारी माणसं' आहोत असं आपण माइकवर सांगितलंत. काकी पहाटे साडेतीनला उठते, हे आपल्याला कुणी सांगितलं नसावं.

पण मास्क?

आपण माणसांना ठाणे पूर्वेला उतरवून मिठबंदराकडे आणलंत. वाटेत खाडीला मिळणारा नाला लागला. अर्ध्या शहराच्या मोऱ्या, गॅरेजचं तेल, प्लास्टिक आणि रंग बदलणारं पाणी त्यातून वाहत असतं. तिथे आपण मास्क काढा म्हणाला नाहीत, घाला म्हणाला नाहीत, नाल्याचं नावही घेतलं नाहीत. पुढे निर्माल्याच्या पिशव्या तिवरांना लटकलेल्या होत्या, त्याही ओलांडल्यात. मग काकीच्या अंगणात जवळा वाळत घातलेला दिसला आणि आपल्या पाठोपाठ सगळी नाकं एकदम झाकली गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी देतात ती अशी.

बंधाऱ्यावर उभं राहून आपण फ्लेमिंगोंबद्दल छान बोललात. 2015 मध्ये अभयारण्य झालं, 2022 मध्ये रामसर यादीत नाव आलं, सगळं बरोबर. एक गोष्ट मात्र राहिली. हे पक्षी ज्या शेवाळावर ताव मारतात ते इतकं माजलंय ते आपल्या सगळ्यांच्या सांडपाण्यामुळे, असं या खाडीचे अभ्यासकच सांगतात. म्हणजे समोरच्या त्या गुलाबी देखाव्याला ठाणे, मुंबई आणि नवी मुंबईच्या संडासांचा हातभार आहे. हे सांगितलं असतंत तर सहाशे नव्व्याण्णव वसूल झाले असते.

वासाचंच बोलायचं तर ऐका. म्हावऱ्याचा वास येतो तेव्हा म्हावरं मिळालेलं असतं. माझा आजा पाग टाकायचा तेव्हा घराला वास यायचा बोयटांचा, शिंगाळ्यांचा, कोळंबीचा. जिताडा लागला तर आळीभर बातमी व्हायची. ओहोटीला बायका गुडघाभर चिखलात उतरून चिंबोऱ्या आणि निवट्या काढायच्या. ते वास एकेक करून गेले. साठच्या दशकात समोरच्या काठावर ठाणे-बेलापूर कारखान्यांचा पट्टा उभा राहिला आणि त्याचं पाणी खाडीत आलं. 1973 मध्ये वाशीचा पूल झाला, 1999 मध्ये ऐरोलीचा. पुलांचे खांब, काठावरचे भराव, तिवरांत रात्रीचे रिकामे होणारे राडारोड्याचे डंपर, यांमुळे गाळ साचत गेला. आता ओहोटीला होडी चिखलात रुतून बसते आणि भरतीची वाट बघत माणूस विड्या ओढतो. जाळ्यात म्हावऱ्याच्या आधी पिशव्या येतात.

आता काकी काय करते ते सांगते. खाडीच्या काठी राहणारी ही बाई पहाटेची लोकल पकडून मुंबईला भाऊच्या धक्क्यावर जाते, तिथून म्हावरं विकत आणते आणि ठाण्यात विकते. अंगणातला जवळा तेवढा आमच्या खाडीचा होता. बऱ्याच दिवसांनी चार टोपल्या मिळाल्या होत्या म्हणून तिने हौसेने वाळत घातला. आणि आपण नेमकं त्या जवळ्यापुढे माणसांना मास्क चढवायला लावलेत.

लाज वाटायला हवी होती. तुम्हाला नाही, तर निदान तुमच्यातल्या एखाद्याला तरी. एकाने तरी रुमाल खाली घेऊन विचारायचं होतं, की मावशी, हे काय आहे, कसं देता? कुणी नाही विचारलं. पन्नास रुपयांचा जवळा कुणी घेतला नाही आणि कॅफेत जाऊन दोनशेची कॉफी प्यालात. ती नाश्त्यात धरली होती की वरून होती, माहीत नाही.

मागच्या टॉवरवाल्यांबद्दल एकच वाक्य लिहिते. खाडी दिसते म्हणून ते जास्त पैसे मोजून राहायला आले आणि आता खाडीचा वास येतो म्हणून अर्ज करतात. बाळकुम ते गायमुख किनारी रस्ता होतोय, तेरा-एक किलोमीटरचा. तो झाला की ही फेरी काचा वर करून, एसी लावून काढता येईल आणि मास्कचा प्रश्नच मिटेल. कल्याणला दुर्गाडी किल्ल्याच्या पायथ्याशी नौदलाची टी-80 ही निवृत्त नौका आणून ठेवलीय, तीही आपल्या पुढच्या फेरीत असेल. असावी. 1657 मध्ये महाराजांनी कल्याण घेतलं आणि त्या खाडीत आरमाराची जहाजं बांधायला घेतली, ते नौकेशेजारी उभं राहून सांगायला बरं पडेल. निवृत्त होडीला फरसबंदी मिळते म्हटल्यावर आमचा म्हातारा म्हणाला, माझी पण आता निवृत्तच आहे, विचारून बघ.

इथवर लिहिलं आणि पत्र पाठवून द्यायचं ठरवलं होतं. पण भाच्याने आपण माइकवर बोललेलं टिपलं होतं, ते रात्री पुन्हा ऐकलं. त्यात आपण म्हणालात, "मी डोंबिवली पश्चिमेचा. जन्म तिथलाच. पण खाडी पहिल्यांदा नीट बघितली ती माणकोलीचा पूल झाल्यावर." तेव्हा मी ते ऐकलंच नव्हतं, नाकांकडे बघत होते.

तो पूल 2024 मध्ये सुरू झाला. त्याच्या डोंबिवलीकडच्या टोकाला मोठागावचं रेतीबंदर, तिथून चालत दहा-पंधरा मिनिटांवर तुमचं घर असेल. 2011 च्या जनगणनेतच कल्याण-डोंबिवलीत बारा लाखांवर माणसं होती. एवढी माणसं खाडीच्या काठी राहतात आणि पाण्याकडे तोंड करून उभं राहायला त्यांच्या वाट्याला काय येतं? रेती उपसून खणलेला किनारा, कचरा, नाहीतर लोकलचं दार. मुंब्रा आणि कळव्याच्या मधे दारात लटकलेल्याला खाडी दिसते, तेवढीच. मुंब्र्यापाशीच 9 जून 2025 रोजी दारात लटकलेली माणसं खाली पडून मेली. तुमच्या गावात 2014 मध्ये हिरवा पाऊस पडला, 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला. त्या कारखान्यांचं पाणी कुठे जातं ते तुला माहीत असेल. ते आमच्याकडे येतं.

हो, 'तू' लिहिलं. माझ्या भाच्याच्या वयाचा आहेस. सोमवार ते शनिवार कुठेतरी खुर्चीत बसत असशील, आणि रविवारी माणसांना पाण्यापाशी घेऊन येतोस. अठ्ठावीस-तीस वर्षं ज्याच्यापाशी राहिलास आणि जे कुणी तुला दाखवलं नाही, ते दुसऱ्यांना दाखवावंसं वाटलं. यात वाईट काही नाही. आमच्या पोरांनीही होड्या सोडल्या आणि तीही खुर्चीतच बसतात. पण पाण्यापाशी येऊन पाण्याची चोरी झालेली दिसत नसेल, आणि दिसली तरी सांगायची नसेल, तर कॉलरला माइक लावून करतोस काय?

म्हणून फेरी बंद करू नकोस. पुढची माझ्या अटींवर काढ. भरतीला येऊ नकोस, भरती सगळं झाकते. ओहोटीची वेळ आम्ही कळवू. सुरुवात नाल्यापासून होईल आणि तिथे दहा मिनिटं उभं राहायचं, पळायचं नाही. मास्क ज्यांना हवे त्यांनी तिथे लावावेत, कोळीवाड्याच्या तोंडाशी उतरवून खिशात ठेवावेत. माणूस आमचा असेल. तो अर्धा वेळ शिव्या देईल, त्या ऐकाव्या लागतील. त्याचे पैसे फेरी सुटण्याआधी त्याच्या हातात. काकीचा फोटो हवा असेल तर ती ड्रमासकट बसेल.

नाश्ता काकीकडे. तांदळाची भाकरी आणि कोळंबीचं कालवण. दर ती सांगेल तो, घासाघीस केलीस तर वाढेल. किती माणसं, त्यातली म्हावरं खाणारी किती, हे शुक्रवारपर्यंत कळव. खाडीच्या भरवशावर तिला एवढ्यांचं रांधता येणार नाही. शनिवारी पहाटे ती भाऊच्या धक्क्याला निघते, तेव्हा किती किलो आणायचं हे तिला ठाऊक हवं.

आपली,
चेंदणीची एक कोळीण