नानामामांचा पंचा

जगात गरम पाण्याची कुंडं आहेत ती आपण उतरावं म्हणूनच, अशी आमच्या नानामामांची समजूत आहे. अकलोली, गणेशपुरी, उन्हवरे, तुरळ, राजवाडी यांपैकी एकही त्यांनी कोरड्या अंगाने ओलांडलेलं नाही. त्यामुळे जुलैत ते लंडनला आले आणि मी त्यांना बाथला न्यायला निघालो, तेव्हा पॅडिंग्टनला गाडीत बसतानाच पिशवीतून पंचा डोकावत होता.

"मामा, रोमन कुंडात आंघोळ करू देत नाहीत."

"मग गावाचं नाव बाथ कशाला?"

ऊन रणरणत होतं, म्हणजे २८ अंश. गोरी मंडळी हाशहुश करत होती आणि मामा स्वेटरमध्ये. मोठ्या कुंडाचं पाणी हिरवंगार. "शेवाळ," मामा म्हणाले. "रोमनांचं छप्पर गेलं ना, ऊन लागलं की धरणारच." झऱ्यातून ४६ अंशांचं पाणी रोज अकरा लाख लिटरच्या वर येतं, हे कळल्यावर त्यांचा जीव हळहळला. पाण्याला हात लावू नका, अशी पाटी होती. मामांनी ती वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि सँडलचा बंद नीट करायला खाली वाकले. उठले तेव्हा दोन बोटं ओली होती आणि कपाळही. बंद मात्र सुटलेलाच.

पुढे ते शिशाच्या पत्र्यांपाशी जे थांबले ते हलेचनात. कपडे चोरीला गेले की रोमन काळातले लोक शिशावर शाप कोरून सुलिस मिनर्व्हा देवीच्या झऱ्यात टाकत. असे सुमारे १३० पत्रे सापडलेत. डोसिमेडिस नावाच्या एकाचे दोन हातमोजे गेले, तर त्याने चोराचे डोळे आणि बुद्धी जावी म्हणून मागणं केलेलं. "व्यवहारी माणूस!" मामा गहिवरले. १९९४ साली एका देवळाबाहेरून त्यांच्या कोऱ्या कोल्हापुरी गेल्या होत्या. चोर माहीत नसला की रोमन 'बाई असो वा पुरुष' असं मोघम लिहीत. मामांना तशी गरज नाही, त्यांचा तेव्हाच्या विश्वस्तांवर पक्का संशय आहे.

रॉयल क्रेसेंटची तीस घरं त्यांनी "चाळच की, वाकडी" म्हणून दोन मिनिटांत निकालात काढली.

दुपारी ॲबेसमोरच्या बाकावर थालीपीठ संपलं. मी डबा आवरत होतो. मामांनी थालीपिठाचा चांदीचा कागद मांडीवर सपाट केला, तूप पंचाला पुसलं आणि घराच्या किल्लीने काहीतरी कोरू लागले.

"अरे," मान वर न करता त्यांनी विचारलं, "त्या बाईला मराठी वाचता येत असेल ना?"