न फिरणारा आहेर

खान्देशात ब्लाउज पीस कुठल्याच घरी कायमचा मुक्काम करत नाही. जळगावच्या लग्नात तो मिळतो, एरंडोलच्या साखरपुड्यात दिला जातो, पारोळ्याच्या वास्तुशांतीत पुन्हा हात बदलतो आणि महामार्गाची नव्वदेक किलोमीटरची वाट संपवून धुळ्याला, देवपुरात पोचतो. तिथे चार दिवस कपाटात विसावा घेऊन साक्रीच्या बारशाला निघतो. घडी मोडत नाही, स्टिकर निघत नाही. पुरुषांच्या टॉवेल-टोपीचंही तेच. टोपी डोक्याला बसते का, असं आहेरात विचारायचं नसतं. ती डोक्यासाठी नसतेच, पुढच्या लग्नासाठी असते. पत्रिकेवर ‘आहेर आणू नये’ असं ठळक छापणाऱ्या यजमानाच्या घरीही लग्नानंतर टोप्यांचा ढीग असतो, आणि तो ढीग बघून यजमानीण बाई मनातल्या मनात पुढच्या वर्षाची लग्नं मोजते.

या वाहत्या व्यवहारात एकच वस्तू अडून बसते. वधूवरांची नावं आणि लग्नाची तारीख फुलीच्या टाक्याने भरलेली मॅटीची फ्रेम. ती पुढे सरकवता येत नाही. दुसऱ्या कुणाच्या लग्नात ती द्यायची, तर आधी त्याच नावाची जोडी शोधायला हवी आणि त्यांचा मुहूर्तही त्याच तारखेचा हवा.

ही फ्रेम करणाऱ्या काकू म्हणजे कुणी एक बाई नव्हेत. जळगावात गणेश कॉलनी, महाबळ, पिंप्राळा, धुळ्यात वाडीभोकर रोड, साक्री रोड, कुठेही जा, दोन-चार गल्ल्यांमागे एक काकू सापडतातच. डोळ्यावर चष्मा, मांडीवर रिंग, चष्म्याच्या वरून टीव्हीवरची मालिका. गावाकडच्या एखाद्या मावशी भेटायला आल्या की दारातूनच विचारतात, “कसाले डोया फोडस वं माय? मशीनवर व्हई जास हाई!” काकू मान वर करत नाहीत. त्या मोजत असतात, आणि मोजणाऱ्या बाईने मध्येच उत्तर दिलं तर पोपटाची चोच एक घर डावीकडे सरकते.

काकूंचं वर्ष डिसेंबरच्या मध्यावर संपतं. दिवाळी पाडव्याला चोपड्या पूजणाऱ्या जळगावच्या व्यापाऱ्यांचं वर्ष वेगळं, काकूंचं वेगळं. तुळशीचं लग्न लागलं की माणसांची लग्नं सुरू होतात आणि तिथून धनुर्मास लागेपर्यंत श्वास घ्यायला फुरसत नसते. साधारण 16 डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत मुहूर्त आटतात. तेवढ्या महिन्याभरात काकू कपाट उघडतात आणि वर्षभरात काय काय झालं ते बघतात.

कपाटात अर्थातच काहीच झालेलं नसतं. झालेलं सगळं लोकांच्या घरी गेलेलं. पुतणीच्या रुखवतातला ताटावरचा रुमाल तिच्या सासरी, बारशाचं दुपटं नाशिकला, ‘शुभ विवाह’ची फ्रेम भुसावळला, तोरण शेजारणीकडे. उरतं ते अर्धवट. ताजमहाल आहे, त्याला आकाश नाही. इमारत भरताना मजा येते; आकाश म्हणजे एकाच निळ्या रंगाची हजारो घरं, तिथे भलेभले थकतात. एक हरीण आहे, त्याला तीनच पाय. आणि एक विठ्ठल आहे. विठ्ठल घेण्याची काकूंची हौस नडली. सावळा देव म्हणजे सबंध काळा दोरा, डीएमसीचा 310 किंवा अँकरचा 403. रात्री ट्यूबलाइटखाली काळ्यावर काळं मोजताना भक्तीची खरी परीक्षा होते. विठ्ठल कंबरेपर्यंत आला आहे. वीट अजून लांब आहे.

हिशेब मांडायचा तर तो असा. नेहमीच्या 14 काउंट कापडावर एका इंचात चौदा घरं बसतात. आठ बाय दहा इंचांची फ्रेम पूर्ण भरायची म्हणजे 112 गुणिले 140, एकूण 15,680 फुल्या. एका फुलीला सुई दोनदा वर येते, दोनदा खाली जाते. म्हणजे सुईच्या 62,720 फेऱ्या. सराईत हात तासाला शंभर-सव्वाशे फुल्या भरतो. उसवण्याचा वेळ धरला नाही तरी सव्वाशे ते दीडशे तास झाले. एवढं करून लग्नाच्या दिवशी हॉलमध्ये कुणी तरी फ्रेम हातात घेतो, काचेवर टिचकी मारतो आणि म्हणतो, “छान आहे. फ्रेमिंगला किती घेतले?”

जळगावात हा प्रश्न येणारच. सोन्याचं गाव. इथे प्रत्येक वस्तू आधी मनातल्या मनात काट्यावर चढते. बारशाला ग्रॅमभराची अंगठी न्यायची, हा इथला अनेक घरांतला साधा रिवाज. पण 2025 मध्ये सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेलं आणि ग्रॅमभराची अंगठी पाच आकडी झाली. त्याबरोबर कितीतरी घरांना अचानक हाताने केलेल्या वस्तूंची माया वाटू लागली. “काकू, तुमच्या हातचंच काहीतरी करून द्या ना, त्याची किंमतच होत नाही,” असे फोन सुरू झाले. किंमत होत नाही हे खरंच. अजून कुणी दिलेली नाही.

दोऱ्याची गोष्ट आणखी गमतीची. खान्देश म्हणजे कापसाचा मुलूख. 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवीत अमेरिकेचा कापूस थांबला, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना ज्या मुलखांची आठवण झाली त्यांत खान्देश होता. पुढे जळगावात खान्देश मिल उभी राहिली, अमळनेरला आणि धुळ्याला प्रतापशेठजींच्या गिरण्या निघाल्या. त्यातली खान्देश मिल बंद पडून तिच्या जागेवर आता मॉल आहे. घरापासून चार मैलांवर कापूस पिकतो. पण काकूंना हवी ती गुलाबी छटा फुले मार्केटात कधी असते, कधी नसते. नसली की पुण्याहून येणाऱ्या भाच्याला निरोप जातो. फ्रान्समधल्या मुलूझ गावात 1746 साली सुरू झालेल्या डीएमसी कंपनीच्या दोऱ्यात 500 रंग आहेत, प्रत्येकाला नंबर आहे, आणि भाचा नेमका शेजारचा नंबर आणतो. त्याला दोन्ही गुलाबी सारखेच दिसतात. काकूंना त्यातला एक लग्नाचा दिसतो आणि दुसरा जुलाबाच्या औषधाचा.

लडी आठ मीटरची, दोरा सहा पदरी. त्यातले दोन पदर सोडवून घ्यायचे, हातभर लांबीचे, जास्त नाही. लोभाने लांब दोरा घेतला की गाठ पडते. एप्रिल-मेमध्ये जळगावचा पारा पंचेचाळिशीकडे गेला की घामाच्या हाताने पांढरं काम करता येत नाही आणि कूलरसमोर बसावं तर सोडवलेले पदर उडून सोफ्याखाली जातात. म्हणून पांढरं काम हिवाळ्यात. तेव्हा धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात किती कमी तापमान नोंदलं गेलं ते पेपरात येतं आणि धुळ्याच्या ताई, म्हणजे काकूंच्या नणंदबाई, फोनवर ते आकडे जरा अभिमानाने सांगतात.

धुळ्याबद्दल काकूंना एरवीही आदर आहे. त्या गावाची जुनी पेठ सरळ रेषेत आखलेली, गल्ल्यांना नावं नाहीत, नंबर. चार नंबर गल्ली, पाच नंबर गल्ली. एवढं आयतं चौकटीचं गाव मिळूनही तिथे घरोघरी क्रॉस स्टिच का नाही, हे काकूंना कळलेलं नाही. पण धुळ्याच्या ताई तपासायला पक्क्या. कुठलीही वस्तू हातात आली की त्या पुढची बाजू बघतच नाहीत, थेट उलटी करतात. मागे गाठ आहे का? एका फुलाचा दोरा दुसऱ्या फुलापर्यंत ओढत नेला आहे का? सगळ्या फुल्यांचा वरचा टाका एकाच दिशेला झुकतो का? सोनाराने कस लावावा तशी ही परीक्षा चालते. काकू फ्रेम करून देतात याचं एक कारण हेच आहे. मागे पुठ्ठा असतो.

आता अक्षरांचं सांगायला हवं. मराठी घरांच्या दारांवर वर्षानुवर्षं इंग्रजीत ‘वेलकम’ आणि उशांच्या अभ्र्यांवर ‘गुड नाइट’ भरलेलं दिसतं. त्याचं खापर लोक इंग्रजांवर फोडतात. खरं कारण चौकटीत आहे. इंग्रजी अक्षर पाच घरं रुंद आणि सात घरं उंच जागेत मुकाट्याने बसतं. मराठी अक्षराला वर वेलांटी लागते, खाली उकार लागतो, मध्ये जोडाक्षर अंग पसरतं. वेलांटीची गोलाई चौकोनांत भरली की जिना तयार होतो. रफार तर दिसला तर दिसला. शिरोरेषा तेवढी गुणाची, सरळ भरत जावी. ‘रमेश’, ‘कमल’ होते तोवर ठीक होतं. हल्ली बारशाला ‘ज्ञ’ आणि ‘श्र’ असलेली नावं ठेवतात आणि काकूंच्या मते आईबापांनी नाव ठरवण्याआधी एकदा आलेखाचा कागद समोर घ्यायला हवा.

अक्षरं लपवण्याची कला मात्र एका ब्रिटिश मेजरने साधली. अ‍ॅलेक्सिस कॅस्डाग्ली हा दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेत होता. डिसेंबर 1941 मध्ये त्याने जुन्या स्वेटरचा दोरा उसवून एक फुलीटाक्याचा तुकडा भरला. मध्ये साधी माहिती, आणि काठावर ठिपके-रेघांची नक्षी. ती नक्षी म्हणजे मोर्स लिपीत हिटलरला हासडलेली शिवी होती. जर्मनांना ती कळली नाही. त्यांनी तो तुकडा कौतुकाने छावण्यांमधून मांडून दाखवला. ही हकीकत काकूंच्या कानावर आल्यापासून धुळ्याच्या ताईंना दिलेल्या टेबल रनरच्या काठावरची नक्षी जरा जास्तच गुंतागुंतीची झाली आहे. त्यांनी ती उलटी करून पाहिली. मागून काम स्वच्छ होतं.

उशिराचंही एक आहे. बारशाची भेट बारशाला पोचली असं क्रॉस स्टिचच्या इतिहासात क्वचितच घडत असावं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जेन बोस्टॉक नावाच्या बाईने भरलेलं एक कापड आहे, साल 1598. साल घातलेला इंग्लंडमधला सर्वांत जुना भरतकामाचा नमुना म्हणून त्याची ख्याती. त्यावर अ‍ॅलिस ली या मुलीच्या जन्माची नोंद आहे, आणि तो जन्म 23 नोव्हेंबर 1596 चा. म्हणजे कापड पुरं होईतो मुलगी चालायला लागली होती. काकूंना हा दाखला फार आवडतो. नाशिकचं दुपटं पोचलं तेव्हा बाळाने ते स्वतः पार्सलमधून ओढून काढलं होतं, आणि लगेच त्याने तोंड पुसलं.

चाळीसगाव-जामनेरकडच्या तांड्यांमधल्या बंजारा बायका मात्र आलेखाचा कुठलाच कागद समोर घेत नाहीत. फेट्या-कांचळीवर कापडाचे धागे नजरेने मोजून फुल्या, तिरपे टाके, आरसे, कवड्या बसवायच्या. नमुना आईच्या हातातून मुलीच्या हातात. लग्नाआधी मुलीने आपलं भरलेलं स्वतःच तयार करायचं, ही तिकडचीही रीत. काकूंनी एकदा बाजारात अशी एक पिशवी उलटी करून पाहिली, धुळ्याच्या ताईंच्या सवयीने. मग सुलटी करून गप्प ठेवली आणि विकत घेतली. ती पिशवी कुणाला आहेरात जाणार नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

दिलेल्या वस्तूंचं पुढे काय होतं, ते काकू विचारत नाहीत, पण बघतात. रुखवतातला रुमाल लोणच्याच्या बरणीवर बांधलेला असतो. टेबलक्लॉथ फ्रिजवर असतो आणि त्यावर स्टॅबिलायझर. बदकांची जोडी मीटरच्या खोक्यावर पडदा होऊन लटकते. याचा त्यांना राग येत नाही, एवढ्यासाठी की वस्तू घरात आहे. ब्लाउज पीस तर केव्हाच शिरपूरला पोचला असता.

डिसेंबरअखेरीला जळगावात शेताशेतांत भरीत पार्ट्या होतात. काड्यांच्या जाळावर भाजलेली वांगी, 2016 साली भौगोलिक मानांकन मिळालेली, बडग्याने ठेचलेली, वर तेलात परतलेली मिरची, सोबत कळण्याची भाकरी. काकू तिथेही रिंग नेतात आणि तेलाच्या हातांपासून ती वाचवत बसतात. अशाच पार्टीत यंदा पुतण्याचा साखरपुडा ठरल्याची बातमी आली. मुहूर्त संक्रांतीनंतरचा. मुलीचं नाव लग्नानंतर बदलायचं की नाही, यावर दोन्हीकडची मंडळी अजून बोलताहेत. मुलगी म्हणते बदलायचं नाही, आजी म्हणते बदलायचं, पुतण्या भाकरी खातो. काकूंनी सगळ्यांना निरोप पाठवला आहे: “नाव कुठलंही ठेवा, पण चार घरांत बसणारं ठेवा. मी शिरोरेषा भरून ठेवली आहे. तिच्याखाली काय लटकवायचं ते 15 जानेवारीच्या आत कळवा.”