कुठं निघालात?

माझा भाचा ऑस्ट्रेलियात, व्हिक्टोरिया राज्यात असतो. सुट्टीच्या दिवशी तो टॅलारूक ते मॅन्सफिल्ड या जुन्या रेल्वेमार्गावर सायकल हाणतो. रूळ कधीच उखडलेत. उरलेल्या १३४ किलोमीटरच्या वाटेवर फक्त सायकली, पायी चालणारे आणि घोडे. परवा त्यानं फोटो पाठवला. सरळ वाट, दोन्हीकडे कुरणं, वर आभाळ. खाली लिहिलं होतं, "मामा, दिवसभरात एक माणूस भेटला नाही!" तो हे आनंदानं सांगतोय हे कळायला मला दोनदा वाचावं लागलं.

मी नावड्यात राहतो. इथं जिन्याखालून सायकल बाहेर काढेपर्यंत तिघं भेटतात.

"सकाळी सकाळी कुठं निघालात?"

"असाच."

"असाच म्हणजे?"

याला उत्तर नाही. सायकलवरून दूध जातं, पेपर जातो, तळोजा एमआयडीसीच्या पहिल्या पाळीचा डबा जातो. निवृत्त माणूस 'असाच' जात नाही. गेलाच तर घरात काही बिनसलंय असं धरून चालतात.

तरी पितृपंधरवड्यातल्या एका रविवारी निघालो. १९२३ साली मुंबईहून सहा पारशी तरुण सायकलवर जगाच्या फेरीला निघाले होते. त्यातले तिघं ७१,००० किलोमीटर तुडवून १९२८ साली परतले. त्यांच्याबद्दल मला आदर आहे, पण त्यांच्या वाटेत कळंबोली सर्कल नव्हतं. लोखंड बाजाराचे ट्रेलर, मागे लोंबणाऱ्या सळया, त्यांच्या टोकाला सौभाग्यचिन्हासारखी लाल चिंधी. पुण्याचा द्रुतगती मार्ग इथूनच सुटतो आणि त्यावर सायकलला मनाई आहे. मनाई वाचून इतकं हायसं वाटणारा मी एकटाच असेन.

पनवेल मागं टाकून नेऱ्याच्या रस्त्याला लागलं की श्वास खाली बसतो. भाताला लोंब्या आलेल्या, बांधावर तेरडा, समोर प्रबळगड आणि शेजारी कलावंतिणीचा सुळका. मध्येच फार्महाउसांची उंच फाटकं. एक तर नामांकित नटाचं. तिथं पोरं डोंगराकडे पाठ करून फाटकाचा सेल्फी घेतात.

भाच्याचा फोन आला तो गाढेश्वरच्या अलीकडे. त्यांच्याकडे आता वसंत. मॅगपाय नावाचे काळे-पांढरे पक्षी घरट्यापायी सायकलवाल्यांच्या डोक्यावर झेपावतात, म्हणून लोक हेल्मेटला प्लॅस्टिकच्या पट्ट्या काट्यांसारख्या उभ्या लावतात. साळिंदर होऊन फिरायचं! मी म्हटलं, आमच्याकडे हे खातं कुत्र्यांकडे आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये तळोज्याचे कुत्रे कारखान्यातल्या रंगानं निळे झाले आणि जगभरच्या पेपरांत झळकले. पण कुत्रं निळं असो की तांबडं, सायकलवाल्याच्या पोटरीकडे बघायची नजर तीच. ट्रेलरला मात्र ते वाट देतात.

फोन ठेवला आणि पुढं मालडुंग्याजवळ मागचं चाक बसलं. भाचा दोन ट्यूब, हत्यारं आणि चार लिटर पाणी बरोबर नेतो, कारण त्याच्या वाटेवर कुणी नसतं. माझ्याजवळ पंप होता, तोही घरी. पण मी सायकल उलटी करेपर्यंत सहा माणसं जमली होती आणि मतं आठ होती. व्हॉल्व्ह गेलाय. नाही, काटा आहे. या वयात सायकल कशाला? मुलं गाडी देत नाहीत का? एका पोरानं सारं ऐकून न ऐकल्यासारखं करत घमेल्यात पाणी आणलं, ट्यूब बुडवली, बुडबुड्यावर बोट ठेवलं आणि पॅच चिकटवला.

"कोन गाव?" त्याच्या आजीनं विचारलं.

"नावडे."

"अगो बाई, आमची धाकटी तिकडंच दिलीय."

झालं. मी पाहुणा ठरलो. पॅचचे पैसे कुणी घेईना, चहा मात्र घ्यावाच लागला, आणि धाकटीला सांगायचे चार निरोप मिळाले. तिचं घर मला ठाऊक नाही हे सांगायची हिंमत झाली नाही.

धोदाणीला रस्ता संपतो. वर माथेरान, जिथं मोटारींना बंदी. ते मॅलेट नावाच्या कलेक्टरनं १८५० च्या मे महिन्यात शोधलं म्हणतात. पायथ्याच्या ठाकरांना तोवर ते हरवलंय हे कुणी सांगितलेलं नसावं. मी वर गेलो नाही. ओढ्यात पाय सोडून बसलो. तिथंही एकानं विचारलंच, "कुठं निघालात?" या वेळी "घरी" म्हटलं, आणि त्याचं लगेच समाधान झालं.

परतताना आजीकडून एक पिकलेला चिबूड घेतला. त्याचे पैसे तिनं नीट मोजून घेतले. कॅरिअरला बांधला. पनवेलच्या खड्ड्यांनी त्याचा गर केला आणि कळंबोलीच्या ट्रेलरांनी त्यावर धूळ शिंपडली. घरी पोचलं ते नुसतं साल आणि वास. तुम्ही त्या वाटेनं गेलात तर चिबूड जरूर घ्या, पण तिथंच, बांधावर बसून खा.