रोठा आणि चिकणी

स्वतःच्या दोन मुलांपैकी एकाचंही दुपटं मी जन्मात बदललेलं नाही. ही गोष्ट आमच्या घरात दर सणाला, आरती झाल्यावर आणि पानं वाढायच्या आधी, एकदा तरी निघतेच. त्यामुळे रविवारी सकाळी मी मागच्या पडवीत मांडीवर जुना पंचा पसरून, खोबरेलाची वाटी आणि कापसाच्या काड्या घेऊन बसलो, की ही हातातलं काम टाकून दाराशी येते. बोलत काही नाही. नुसती बघते.

मांडीवर रोठा असतो. रोठा हा गिनीपिग आहे.

याला कारण निसर्ग. म्हणजे ते वादळ. २०२०च्या ३ जूनला ते आमच्या किनाऱ्यावर आलं आणि वाडीतल्या पोफळी आडव्या करून गेलं. नव्या लावल्या, पण पोफळ धरायला पाच-सात वर्षं घेते. तोवर श्रीवर्धनच्या बागायतदाराने करायचं काय? शिंपणं आटोपलं की नऊ वाजता मी मोकळा. ही बातमी डोंबिवलीला मुलाच्या कानावर गेली आणि तो नातीचे दोन गिनीपिग घेऊन आला. "बाबा, तिची परीक्षा होईपर्यंत दोन महिने सांभाळा." त्या परीक्षेनंतर नातीच्या आणखी तीन वार्षिक परीक्षा झाल्या.

नावं इथेच ठेवली. नातीला बाजीराव आणि चिमाजी हवे होते. ही म्हणाली, "बाळाजी विश्वनाथांच्या गावात राहतो आपण. बाजीरावाने गादीवर घाण केली, असं मी ओटीवरून ओरडले तर लोक वाळीत टाकतील." मग गावच्या दुसऱ्या कीर्तीकडे, सुपारीकडे, वळलो. थोराड तपकिरी तो रोठा, गोरीपान ती चिकणी.

दुकानदाराने 'जोडी' म्हणून दिली होती. बैलांचीही जोडीच असते, हे आमच्या लक्षात आलं नाही. गिनीपिगाची मादी साधारण दोन महिन्यांत विते, असं कळल्यावर हिने चिकणीची कोथिंबीर वाढवली. चिकणीचं पोटही वाढलं. तीन महिने झाले, चार झाले. शेवटी गुरांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी चिकणीला उताणं धरलं, पोटाखाली अंगठ्याने हलकेच दाबून पाहिलं आणि म्हणाले, "काका, डोहाळजेवण रद्द करा." चिकणीचा चिकण्या झाला. पोटात कोथिंबीर होती.

दोन नर एका घरात म्हणजे भाऊबंदकी आलीच. आधी गुरगुर नव्हे, घुमणं: पोटातून घर्रर्र आवाज काढत, शिमग्यात पालखी नाचवावी तशी कंबर डोलवत एकमेकांभोवती सावकाश फेऱ्या. इथवर नुसता मानपान. दात कडकडा वाजायला लागले की प्रकरण कोर्टात गेलं म्हणून समजावं. मी तडजोड करून दिली. जागा दुप्पट केली. लपायची खोकी दोन, पाण्याच्या बाटल्या दोन, गवताच्या टोपल्या दोन. आता एकत्र कुटुंब सुखात आहे. आमच्या चुलत्यांच्या वेळी हे कुणाला सुचलं असतं, तर वकिलाचे पैसे वाचले असते.

कोथिंबिरीच्या जुडीचा कागद वाजला की दोघे शिट्ट्या घालतात. हुबेहूब कुकर. त्या मोजून हिने दोनदा गॅस बंद केला आणि आम्ही दोनदा कच्चा भात खाल्ला. पण कोथिंबीर चुकवता येत नाही. क जीवनसत्त्व माणसासारखंच त्यांच्याही शरीरात बनत नाही. नॉर्वेच्या होल्स्ट आणि फ्रोलिक यांनी १९०७ साली गिनीपिगांना नुसत्या धान्यावर ठेवलं, तर त्यांना खलाशांचा स्कर्व्ही झाला. क जीवनसत्त्वाच्या शोधाची वाट तिथून सापडली. एवढे उपकार असताना जुडीच्या भावावरून कुरकुरणं बरं नव्हे. ढोबळी मिरचीही चालते. पाटाकडेचं अळू मात्र नाही. आणि गवत अष्टौप्रहर हवं, कारण दात जन्मभर वाढत राहतात.

आता खोबरेलाकडे येतो. गिनीपिगाच्या लेंड्या दोन प्रकारच्या. कोरड्या आपल्यासाठी, म्हणजे झाडायला. मऊ त्याच्यासाठी. त्या तो खाली तोंड घालून थेट खातो. ब जीवनसत्त्व मिळतं. हे हिला कळलं त्या दिवशी पिंजरा माजघरातून पडवीत गेला. पुढे नराचं वय झालं की मागचे स्नायू सैल पडतात, तो मऊ ऐवज तिथल्या पिशवीत अडकतो आणि त्याचा गोळा बनतो. गिनीपिग जगतो पाच ते आठ वर्षं. रोठा साडेचारचा. म्हणजे हिशेबाने माझ्याच बरोबरीचा, आणि तक्रारीही त्याच.

उपाय डॉक्टरांनी दाखवला. तेलाने मऊ करायचं, अलगद दाबून गोळा बाहेर काढायचा, घडीत अडकलेलं गवत आणि केस काडीने टिपायचे. ओढायचं नाही. इंद्रियाला केस गुंडाळलाय का, तेही बघायचं. वास असा, की जीवना बंदरावर मासळीजवळ दुपारच्या उन्हात उभं राहिलेल्या माणसालाही पहिल्या दिवशी नाकाला पंचा लावावा लागतो.

शिवाय तेलाची ग्रंथी. गिनीपिगाला शेपूट नसतं. असायला हवं होतं तिथे ही असते, आणि नरात जास्त पाझरते. पंपाच्या वंगणासारखा काळा चिकटा जमतो. तिथेही खोबरेल, मग कोमट पाणी आणि सौम्य शांपू, तेवढ्या जागेपुरतंच, आणि लगेच कोरडं. मी एकदा हौसेने दोघांना अख्खं न्हाऊ घातलं, तेही ऐन श्रावणात. आमच्याकडे तेव्हा पापडसुद्धा ओला होतो. चिकण्याच्या पाठीवर बुरशी आली आणि महिनाभर मलम चोळत बसलो. मग नखं आली: पुढच्या पायांना चार-चार, मागच्यांना तीन-तीन, अशी एका जनावराची चौदा. एवढी निगा मी स्वतःच्या पायांची घेतलेली नाही.

मे महिन्यात नात आली होती. रविवारचा कार्यक्रम तिने मन लावून पाहिला आणि विचारलं, "आजी, बाबा लहान असताना आजोबा त्याचंही असंच करायचे?"

मी वाटीत बघत राहिलो. आरती नव्हती, सण नव्हता, तरी विषय निघालाच होता.

ही म्हणाली, "तेव्हा त्यांची वाडी उभी होती गं." आणि कोमट पाण्याचा तांब्या माझ्याजवळ ठेवून आत गेली.

तेव्हा गिनीपिग घेणाऱ्यांना एवढंच सांगणं, की जोडी घ्याल ती आधी उताणी करून बघा. नर निघाले तर खोबरेल घरात हवं. आणि रविवारी नऊ ते दहा आमच्याकडे यायचं असेल, तर पुढल्या दारी हाक मारा. मी हात धुऊन येतो.