बूटेबल करून देणारे गृहस्थ

संगणकाचा उपयोग करणारे लोक पुष्कळ, तो बिघडविणारे त्याहून पुष्कळ. परंतु संगणक चालू होण्यापूर्वीच्या चार-दोन क्षणांवरच ज्यांचा सारा जीव जडलेला असतो, अशा मनुष्यांची एक स्वतंत्र जात आहे, आणि ती बहुधा सरकारी किंवा निमसरकारी कचेरीत, वरिष्ठ लिपिकाच्या हुद्द्यावर, आणि खऱ्या अर्थाने सायंकाळी साडेसहानंतरच आढळते.

शनिवारी दुपारी पुण्यास तपकीर गल्लीत किंवा मुंबईस लॅमिंग्टन रस्त्यावर घटकाभर उभे राहिले, तर या जातीचा मनुष्य ओळखण्यास सायास पडत नसत. खांद्यास शबनम, खिशात पेनाशेजारी तबकडीवर लिहावयाचा काळा मार्कर, आणि कोऱ्या तबकड्यांच्या पन्नासाच्या चळतीतील वरची तबकडी उजेडाकडे तिरपी धरून तिच्या पाठीचा रंग पारखणारी ती गंभीर मुद्रा! दुकानदार भावात पाच रुपये सोडी, पण संभाषण म्हणून सुरू करीत नसे; कारण ते संपत नाही, हे तो अनुभवाने जाणून असे.

यांच्या कर्तृत्वाचा ऐन बहर म्हणजे विंडोज एक्सपीचा काळ. ती प्रणाली २००१ च्या ऑक्टोबरात बाजारात आली तेव्हा साटा जातीच्या हार्ड डिस्क प्रचारात नव्हत्या. त्यामुळे पुढे नव्या यंत्रात ती मूळ तबकडी घातली, की काही काळ फायली वाचल्यासारखे करून पडदा एकाएकी निळा होई आणि त्यावर ७बी ने संपणारा दोषांक उमटे, कारण जिच्यावर बिऱ्हाड थाटावयाचे ती डिस्कच तिला दिसत नसे. प्रारंभी एफ६ कळ दाबून ड्रायव्हर फ्लॉपीतून द्यावा, असा कंपनीचा तोडगा. आणि फ्लॉपीची खाच तर नव्या यंत्रांतून नाहीशी होत चाललेली. अशा पेचात या गृहस्थांनी मूळ फायली उतरवून घ्याव्या, २००४ चा दुसरा किंवा २००८ चा तिसरा सर्व्हिस पॅक त्यांत मुरवावा, एनलाइट नामक साधनाने साटाचे ड्रायव्हर मिसळावे आणि एक नवी प्रतिमा सिद्ध करावी, हे निखळ लोकोपयोगी कार्य होते; येथवर त्यांना कोणी नावे ठेवू नयेत.

परंतु त्याच एनलाइटमध्ये नको ते घटक खुणा करून काढून टाकण्याचीही सोय होती, आणि तेथे मात्र त्यांच्यातील काटकसरी लिपिक जागा होई. परदेशी लिप्या गेल्या, मदतीची पाने गेली, पत्त्यांचे खेळ गेले, मॉडेम गेला. प्रतिमा जसजशी रोडावे तसतशी यांची छाती फुगे. शेजारच्या वहिनींनी, ‘भावोजी, प्रिंटर काही केल्या लागत नाही हो,’ म्हणून गाऱ्हाणे घातले, तर हे किंचित करुणेने हसत आणि म्हणत, ‘वहिनी, चालू किती झटकन होतो, ते पाहिलंत का?’ चालू झालेल्या संगणकावर मनुष्यास काही कामही करावयाचे असते, ही कल्पना त्यांना तत्त्वतः मान्य होती. तिच्याविषयी आस्था नव्हती.

त्यांची खरी भक्ती बूट होण्यावर. या विषयात तबकडी आणि यंत्र यांचा संबंध मामलेदार कचेरीतील अर्जदार आणि अव्वल कारकून यांच्यासारखा असतो. अर्ज कितीही सुवाच्य असो, मजकूर कितीही न्याय्य असो; नेमून दिलेल्या जागी नेमून दिलेली मोहोर नसेल, तर अव्वल कारकून तो उघडूनही पाहत नाही. यंत्रातील बायोस हा गृहस्थ तबकडीच्या बरोबर सतराव्या सेक्टरपाशी जातो. तेथे ‘एल टोरिटो’ ही अक्षरे दिसली तर त्यालगत दिलेल्या ठिकाणाहून बूटची नोंदवही काढतो, तिची बेरीज ताळ्याला लावून पाहतो, आणि सर्व रुजवात झाली म्हणजेच पहिला तुकडा स्मृतीत भरतो. सहाशे मेगाबाइटचा ऐवज निर्दोष असूनही दोन किलोबाइटच्या त्या तुकड्यावाचून तबकडी निव्वळ चकती ठरते. म्हणून हे गृहस्थ मूळ तबकडीतून तो तुकडा आयसोबस्टरने हळुवार सोडवून काढीत, आणि निरोच्या चौकटीत ‘नो एम्युलेशन’ निवडून, सेगमेंटपुढे ०७सी० व सेक्टरांच्या संख्येपुढे ४ हे आकडे मोठ्याने उच्चारीत भरीत. कारण बायोस ५१२ बाइटांच्या मापाने मोजतो आणि तशी चार मापे झाल्यावाचून तुकडा पुरा उचलला जात नाही.

एल टोरिटो हा नियम फिनिक्स व आयबीएम या कंपन्यांच्या अभियंत्यांनी १९९५ च्या जानेवारीत प्रसिद्ध केला, आणि त्याची जुळवाजुळव कॅलिफोर्नियातील अर्व्हाइन येथे त्या नावाच्या एका मेक्सिकन खाणावळीत झाली अशी आख्यायिका आहे. ती सांगताना यांचा स्वर सद्गदित होतो. (आपल्याकडील उपाहारगृहांत ‘विनाकारण बसू नये’ अशी पाटी असते, असे नियम आपल्याकडे का जन्मत नाहीत, याचा उलगडा मला तरी तेथेच होतो.)

यांच्या अतिबुद्धीचा परमोत्कर्ष मात्र बूटफिक्स या लहानशा फायलीच्या प्रकरणात झाला. एक्सपीची तबकडी घातली, की ‘तबकडीवरून सुरू करण्यासाठी कोणतीही कळ दाबा’ असे विचारले जाई, आणि न दाबल्यास यंत्र मुकाट्याने हार्ड डिस्ककडे वळे. हा प्रश्न यांना स्वाभिमानास कमीपणा आणणारा वाटला. आपली तबकडी विचारते काय म्हणून? त्यांनी ती फाइलच काढून टाकली आणि शेजारी यंत्र लावून देऊन हे निश्चिंतपणे जेवावयास गेले. प्रश्न नाहीसा झाल्यामुळे निम्मे काम होऊन यंत्र पुन्हा सुरू झाले, की ते पुन्हा तबकडीवरूनच सुरू होई आणि प्रथमपासून सारे आरंभी. जेवण, विडा व वामकुक्षी आटोपून हे परतले, तेव्हा शेजारचे आजोबा पडद्यापुढे हात जोडून बसलेले होते आणि यंत्र डिस्क कितव्यांदा तरी पुसत होते. तबकडी बाहेर काढून ठेवणे एवढाच उपाय होता; तो आजोबांनी सुचविला, याचा राग पुढे कित्येक दिवस टिकला.

फसलेल्या तबकड्या सज्जात दोऱ्याने टांगल्या जात, कबुतरे येऊ नयेत म्हणून. घरातल्या मंडळींच्या मते या छंदाचे तेवढेच प्रत्यक्ष उत्पन्न.

पुढे तबकड्या गेल्या, पेन ड्राइव्ह आले, बायोसच्या जागी यूईएफआय आले. दुसरा एखादा खचला असता. यांनी एकाच प्रतिमेत जुन्यासाठी इटीएफएसबूट आणि नव्यासाठी ईएफआयसिस असे दोन्ही तुकडे बसविले. २०२५ च्या १४ ऑक्टोबरास विंडोज १० चा आधार संपला आणि टीपीएम २.० नसलेली सुस्थितीतील यंत्रे विंडोज ११ च्या दारात अडली, तेव्हा तर सेवानिवृत्तीतल्या या गृहस्थांच्या बेलला उसंत उरली नाही. अडविणारी अट वगळलेली, नाव-गाव न विचारता आपोआप बसणारी त्यांची प्रतिमा सोसायटीच्या तिन्ही इमारतींत पोहोचली आहे.

परवा दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने सहज विनव्हर चालवून पाहिले, आणि ती तशीच लॅपटॉप घेऊन वर आली. ‘काका, परवाना कुणाला दिलाय, तिथं तुमचं नाव कसं? बाबांचं हवं ना?’

काकांनी चष्मा कपाळावर चढवून ते निरखून पाहिले. समोरच्या इमारतीतील सर्व संगणकांवरही त्यांचेच नाव लागले आहे, हे त्यांना ठाऊक होते.

‘असू दे गं,’ ते म्हणाले, ‘सारा थोडाच भरावा लागतो!’