खाटेवर बसून उईची भिंत कशी चढावी

एप्रिलातल्या एका बुधवारी बेल्जियममध्ये फ्लेश वालोन नावाची एक दिवसाची सायकल शर्यत असते. 1936 पासून चालत आलेली. साधारण दोनशे किलोमीटर झाले की उई गावात ‘म्यूर द उई’, म्हणजे उईची भिंत, समोर उभी राहते. लांबी 1.3 किलोमीटर, सरासरी चढ 9.6 टक्के, एका वळणाच्या आतल्या कडेला तो पंचवीस टक्क्यांच्याही वर जातो. अंतिम रेषा थेट माथ्यावर. आपल्याकडे तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात आणि दिवसभर तापलेली गच्ची अजून तळपायाला चटके देत असते. अशा वेळी जळगाव-धुळ्याच्या सायकलप्रेमींनी चर्चा कशी करावी, याबाबत बरीच अनागोंदी आढळते. सबब, हे मार्गदर्शन.

अंतर समजावताना बेल्जियमची गावे घेऊ नयेत. जळगावहून एरंडोल, पारोळा करत धुळे गाठा, चहाला न थांबता तसेच माघारी फिरा, आणि घर आले असे वाटेल तेव्हा ही भिंत चढा; एवढे सांगितले की ऐकणारा निमूटपणे पाणी पितो. जळगावकराने चढाचा विषय काढल्यास धुळेकराने लळिंगचा घाट पुढे करावा. मंडळीत चाळीसगावचा कोणी असेल तर तो कन्नड घाट काढणारच. काढू द्यावा. दरडी, कंटेनर, रात्रभर अडकलेली एसटी असे सगळे सांगून होईपर्यंत अर्धा तास जातो आणि तेवढ्या वेळात शर्यतीतही काही घडलेले नसते.

हे काही न घडणे हाच या शर्यतीवरचा जुना आक्षेप. पाच तास थांबा, तीन मिनिटे पाहा. आक्षेप खरा आहे. तो फेटाळू नये, फक्त करणाऱ्याला बर्फ आणायला पाठवावे.

मुंबई-पुणे शर्यतीचा दाखलाही कोणीतरी देतोच. तिथे बोरघाटात पहिला येणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो खरा, पण राजेसाहेबांना पुढे पुणे गाठायचे असते. उईला घाट संपतो तिथेच शर्यत संपते. त्यामुळे वादाचा मुद्दा एकच उरतो: जोर कधी लावायचा?

इथे 2010 चे उदाहरण पाठ असावे. अल्बेर्तो कॉन्तादोर, तोवर दोनदा टूर द फ्रान्स जिंकलेला गडी, भिंतीवर लवकर सुटला. कॅडेल इव्हान्सने त्याला गाठून मागे टाकले, मग रॉड्रिगेझनेही, आणि कॉन्तादोर तिसरा. उलट आलेहान्द्रो वाल्वेर्दे. शेवटच्या दोनेकशे मीटरपर्यंत काही सुचलेच नाही असा चेहरा करून बसायचा आणि जिंकायचा. 2006 ला एकदा, मग 2014 ते 2017 सलग चार. त्याची फार स्तुती होऊ लागल्यास उत्तेजक प्रकरणातल्या दोन वर्षांच्या बंदीची आठवण हळूच सोडावी. तरीही समोरचा डावपेचांवर व्याख्यान देतच राहिला तर अॅना फान डेर ब्रेखेनचे नाव घ्यावे. महिलांच्या शर्यतीत 2015 ते 2021, सलग सात वेळा. यावर व्याख्यान सहसा थांबते.

खान्देशाचा या विषयातला अधिकार मात्र नम्रपणे लपवू नये. चैत्रात इथून हजारो माणसे पायी सप्तशृंगीच्या गडाला निघतात. दिवसच्या दिवस तापलेला हायवे, मालेगाव, देवळा, कळवण, आणि पायांतले सगळे संपत आले की नांदुरीचा घाट. पहिल्या दिवशी डीजेपुढे नाचलेला पोरगा नांदुरीत कोणत्या झाडाखाली आडवा झालेला असतो, हे ज्याने पाहिले आहे, त्याला कॉन्तादोरचे काय चुकले ते कोणी सांगायची गरज नाही. उईची भिंतही मुळात यात्रेकरूंचीच वाट: कडेला छोटी प्रार्थनामंदिरे, वर मेरीमातेचे चर्च. आपल्या गडावर आता फ्युनिक्युलर ट्रॉली झाली. ‘मग ही पोरं ट्रॉलीनं का नाही जात?’ हा प्रश्न आजी नेमका शेवटच्या तीनशे मीटरला विचारते. उत्तर देऊ नये. निकाल हुकतो.

आरोळ्या अहिराणीतच द्याव्यात. पायथ्याशी ‘आते नही भो, आते नही!’ आणि माथा दिसला की ‘आते पय!’ आखाजी तोंडावर असते, तेव्हा पैज लागणारच. ती शेवभाजीची लावावी, रोखीची नको. कारण 2025 सारखे वर्ष येते, पावसात ताडेय पोगाचार खोगिरावरून न उठताच सगळ्यांना सोडून जातो, दहा सेकंदांनी जिंकतो, आणि संयमाबद्दलचे आपले सगळे तत्त्वज्ञान ताटातल्या तर्रीत बुडते. कूलर बंद पडल्यास 2024 काढावे. त्या वर्षी गारठवणाऱ्या पावसाने आणि हिमवर्षावाने एवढे हाल केले की शेवटपर्यंत फक्त 44 जण पोचले. गार वाटते.

निकालानंतर ‘मी म्हटलंच होतं’ हे वाक्य एकाच वेळी दोघांनी म्हणू नये. वयाने मोठा असेल त्याला आधी म्हणू द्यावे. रविवारी लिएज-बास्तोन-लिएज आहे, अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरात. त्या दिवशी बर्फ आणायला कोणाला पाठवायचे, हे आजच ठरवून उठावे.