तक्रार नोंदवण्यासाठी एक दाबा

3 जून 2020 च्या दुपारी निसर्ग चक्रीवादळ ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाने श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर चढलं. नाव बांगलादेशाने सुचवलेलं, बारसं मात्र कोकणाच्या खर्चाने झालं. प्रशासनाची तयारी चोख होती. आधीपासून मोबाईलवर इशारे येत होते आणि इशाऱ्याखाली मदतीचे नंबर. वादळाने खांब पाडले, तारा तोडल्या, टॉवर मुके केले. नंबर तेवढे शाबूत राहिले.

वीज गेल्याची तक्रार करण्याची सोय आता इतकी झाली आहे की वीज गेल्याचं वाईट वाटू नये. अ‍ॅप उघडा, ग्राहक क्रमांक टाका, किंवा नुसता मिस्ड कॉल द्या. अट एकच: फोन चार्ज हवा आणि रेंज हवी. म्हणजे ज्याच्या घरी लाईट आहे, त्याची तक्रार चुटकीसरशी नोंदली जाते. ज्याच्या घरी नाही, त्याची तक्रारच येत नाही. आणि तक्रार नाही, त्या अर्थी सगळं सुरळीत आहे. अफवांवर विश्वास ठेवू नका, अधिकृत संकेतस्थळ पाहा, असंही बजावलेलं होतं. आमच्या गावाने ते तंतोतंत पाळलं. अफवा पोचवायलाही रेंज लागते.

घाटाच्या वळणावर रेंजची एक काडी येते, हा शोध पोरांनी लावला आणि तिथे जत्रा भरू लागली. कोरोनाचे दिवस; तोंडाला मास्क, मध्ये अंतर, फोन धरलेला हात आभाळात. मुंबईच्या पुतण्याला फोन लागलाच, तर आधी ट्यून ऐकायची: वारंवार साबणाने हात धुवा. इकडे पंप बंद, टाकी कोरडी. उपदेश संपेपर्यंत काडी गेलेली असे.

विहिरीत पाणी होतं, पण काढायचं कशाने? पंप आल्यावर रहाट चुलीत गेला होता आणि पोहरा भंगारात. शेवटी मांडवाची दोरी आणि ऑइलपेंटचा रिकामा डबा यांचं लग्न लावण्यात आलं. कितीही घासला तरी डबा आपलं कूळ विसरला नाही. आमच्या चहाला पुढे बरेच दिवस आकाशी रंगाचा वास येत होता.

मग एकाने जनरेटर आणला. मोबाईल पूर्ण चार्ज वीस रुपये, अर्धा दहा. रेंज नसलेले फोन घेऊन लोक रांगेत उभे. कशाला, म्हणून विचारलं तर उत्तर मिळालं, "असलेला बरा." पैसे मात्र रोख. नुकसानभरपाई थेट बँक खात्यात जमा होणार, अशी खुशखबर होती; बँकेचं नेटवर्क आणि एटीएम आमच्याबरोबर अंधारात बसले होते.

या काळात गावात खरा अधिकारी एकच, तात्या. त्यांच्याकडे सेलवर चालणारा ट्रान्झिस्टर. तो फक्त प्रादेशिक बातम्यांपुरता लागे. बातम्या संपल्या की सेल बाहेर आणि उन्हात. कोकणातला वीजपुरवठा लवकरच पूर्ववत होणार, हे वाक्य आलं की तात्या आवाज बारीक करीत. "एवढ्याला सेल कशाला जाळायचा?"

लाईट अखेर आली. बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेल्या लाईनमननी चिखलात उभं राहून खांब रोवले, तारा ओढल्या. त्यांना नावं ठेवायची माझी छाती नाही. टॉवर जागा झाला आणि फोन नुसते थरथरू लागले. सर्वांत आधी इशारा उतरला: उद्या चक्रीवादळाची शक्यता, घराबाहेर पडू नका. त्याच्यामागून पोरांच्या ऑनलाइन शाळेची लिंक, आणि शेवटी विजेचं बिल. रीडिंग घेता न आल्यामुळे सरासरीने काढलेलं. ज्या दिवसांत खांबच आडवे होते, त्या दिवसांतही आम्ही सरासरीने पंखे फिरवले होते म्हणायचं.

पुढच्याच मे महिन्यात तौक्ते चक्रीवादळ येणार असं कळलं. फोनवर पुन्हा इशारे, पुन्हा नंबर. गाव या वेळी शहाणं झालेलं. ते वाचत न बसता मंडळी थेट तात्यांच्या ओटीवर गेली आणि सेल आहेत ना, एवढंच विचारलं. तात्यांनी खिशातून नवी जोडी काढून दाखवली आणि दर जाहीर केला: बातम्या फुकट, हवामान पाच रुपये.